पाठीचं माप
(नभोवाणीवरील भाषण)



दिवाळी सरली, डोंगरावरचं गवत पिवळं पडायला लागलं, की दोन-तीन मुक्कामांच्या भटकंतीचे बेत सुरू होतात. राजगडावर मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याची बुधला माची गाठायची, आणि पायांत जोर उरला असेल तर पुढे मोहरीवरून रायगड. नाहीतर रतनवाडीतून कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि हरिश्चंद्रगड. अशा बेतात आधी चर्चा होते बुटांची, मग जेवणाची. सॅकचा विषय निघतो अगदी शेवटच्या आठवड्यात, आणि तोही एका प्रश्नापुरता: किती लिटरची घ्यायची?

दुकानातही हाच प्रश्न. 40? 50? 60? रंग कुठला? बूट घेताना आपण पायाचा नंबर सांगतो, बुटाचा खोका केवढा आहे ते विचारत नाही. सॅकच्या बाबतीत मात्र सगळं लक्ष खोक्याकडेच. आत किती मावतं हे महत्त्वाचं आहेच, त्याकडे मी येणार आहे. पण तीन दिवस ती ज्या पाठीवर बसणार आहे, त्या पाठीचं माप किती, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

ते घेणं सोपं आहे. घरात शिवणकामाची टेप हवी, आणि माप घ्यायला दुसरं कुणी हवं, कारण स्वतःचं स्वतःला हे माप घेता येत नाही. मान पुढे झुकवा. मानेच्या बुडाशी एक मणका उठून हाताला लागतो, तिथे टेपचं एक टोक. आता दोन्ही हात कमरेवर ठेवा, बोटं पुढे, अंगठे मागे. बाजूला हाताखाली जे कठीण हाड लागतं, तो तुमच्या नितंबाच्या हाडाचा वरचा कंगोरा. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी एक आडवी रेघ पाठीवर कल्पा. वरच्या मणक्यापासून त्या रेघेपर्यंत पाठीच्या कण्यावरून जे अंतर भरेल, ते तुमच्या पाठीचं माप. बहुतेक मोठ्या माणसांचं ते साधारण 40 ते 53 सेंटिमीटरच्या आत येतं.

आणि उंचीवरून याचा अंदाज बांधू नका. एकाच उंचीच्या दोन मित्रांत एकाचे पाय लांब आणि धड आखूड असतं, दुसऱ्याचं नेमकं उलट. एकाला फुलासारखी बसलेली सॅक दुसऱ्यानं उसनी नेली की पहिल्याच चढाला तो पट्टे ओढत, खांदे उडवत चालताना दिसतो. चांगल्या सॅकवर छोटं, मध्यम, मोठं असं पाठीचं माप दिलेलं असतं, किंवा खांद्याचे पट्टे वरखाली सरकवायची सोय असते. घरातली एकच सॅक दोघंतिघं आळीपाळीनं वापरणार असतील तर अशी सरकती पाठ असलेलीच घ्यावी.

हे माप एवढं महत्त्वाचं का, तर ओझं कुठे बसणार ते यावरून ठरतं. बहुतेकांची समजूत अशी की सॅक खांद्यावर घेतात. दहा-बारा किलोचं ओझं दिवसभर वाहायचं असेल तर ते कमरेवर घ्यायचं असतं. खांद्याचं काम सॅक मागे पडू न देण्यापुरतं. आपल्या शरीराची रचनाच तशी आहे. खांद्याची फरी ही पाठीवर जवळजवळ तरंगते. हाडानं हाडाला धरलेला सांधा म्हणाल तर गळ्याखाली, कॉलरचं हाड छातीच्या हाडाला मिळतं तिथे एकच. बाकी सगळं स्नायूंनी तोलून धरलेलं. त्यावर बारा किलो टांगले की ते स्नायू सकाळपासून संध्याकाळपर्यंत आखडलेले राहतात. शिवाय हाताकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या त्या कॉलरच्या हाडाखालूनच जातात. तिसऱ्या तासाला बोटांना मुंग्या येतात त्या यामुळे. कमरेचं तसं नाही. तिथली हाडं मणक्याला आणि मांड्यांना घट्ट जोडलेली, सगळं वजन पायांत उतरवण्यासाठीच घडलेली. पायांचे स्नायू शरीरातले सर्वांत दणकट, त्यांना काम द्यावं.

हे ज्ञान सॅक बनवणाऱ्यांना तरी कधीपासून आहे? फार जुनं नाही. कॅलिफोर्नियात डिक केल्टी नावाचा एक सुतारकामातला माणूस होता, डोंगरवेडा. त्याची अशी हकिगत सांगतात की सिएरा नेवाडाच्या डोंगरात चालताना, पाठीवरच्या लाकडी चौकटीची खालची टोकं त्यानं आणि त्याच्या सोबत्यानं विजारीच्या मागच्या खिशांत खोचून पाहिली, आणि खांदे एकदम हलके झाले. वजन कमरेवर उतरलं होतं. त्यातून त्यानं ॲल्युमिनियमची, पाठीच्या बाकाला जुळणारी चौकट आणि कमरेचा पट्टा अशी जोडणी केली, आणि 1952 साली त्या सॅक विकायला काढल्या. चौकटी तो करी, पिशव्या त्याची बायको नेना घरी शिवे. पुढे 1967 साली ग्रेग लो यानं ती चौकट सॅकच्या आत नेली. आज तुमच्या-आमच्या सॅकमध्ये पाठीच्या बाजूला हाताला ज्या दोन पट्ट्या किंवा पातळ कडक पत्रा लागतो, तो त्या चौकटीचा वंशज. दुकानात सॅक घेताना तो आहे की नाही हे दाबून पाहा. नसेल, तर कमरेचा पट्टा कितीही जाडजूड असला तरी वजन खाली पोचवणारं मध्ये काहीच नाही. तो पट्टा शोभेचा.

नुसता पट्टा असून उपयोग नाही, तो बांधायचा क्रमही आहे. बरेच जण सॅक अंगावर चढवून खांद्याचे पट्टे करकचून ओढतात आणि मग सवडीनं कमरेचा लावतात, तोही पोटावर. उलटं करा. आधी सगळे पट्टे सैल. सॅक मांडीवर घेऊन एकेक हात घाला. मग किंचित पुढे वाकून कमरेचा पट्टा लावा. पट्ट्याच्या गादीचा मध्य नितंबाच्या हाडाच्या कंगोऱ्यावर बसला पाहिजे. पट्टा पोटावर आला तर श्वास कोंडतो, खाली घसरला तर पाऊल उचलताना मांडीला अडतो. तो घट्ट झाल्यावरच खांद्याचे पट्टे ओढायचे, खांद्याला टेकतील इतपतच. त्या पट्ट्यांच्या वरच्या टोकाला एक छोटी पट्टी सॅकच्या माथ्याकडे तिरकी जाते. तिला बऱ्याच जणांनी वर्षानुवर्षं हातही लावलेला नसतो! ती ओढली की सॅकचं डोकं पाठीकडे येतं. ती साधारण 45 अंशात वर चढत असेल तर पाठीचं माप जुळलं म्हणायचं. आडवी किंवा खाली उतरणारी दिसली, तर सॅक तुमच्या पाठीला आखूड आहे. छातीवरची पट्टी सगळ्यांत शेवटी, आणि श्वासाला जागा ठेवून.

आता कुणी म्हणेल, नेपाळमधले भारवाहक कुठे कमरेचे पट्टे लावतात? डोको नावाची बांबूची टोपली, आणि तिचा पट्टा थेट कपाळावर. खरं आहे. 2005 साली या भारवाहकांवरचा एक अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. त्यात पुरुषांच्या पाठीवरचं ओझं सरासरी त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या 93 टक्के भरलं, आणि स्त्रियांचं 66 टक्के. थक्क करणारे आकडे. पण ती माणसं लहानपणापासून ओझी वाहत आलेली असतात, अगदी हळू चालतात, आणि थोड्या थोड्या अंतरावर टोपलीखाली काठी टेकवून उभ्या उभ्या विसावा घेतात. त्यांच्या मानेची ताकद आपल्याला एका सुट्टीत येणार नाही. त्यांची विसाव्याची पद्धत मात्र आजच उचलण्यासारखी आहे.

बरं, लिटर. सह्याद्रीत दोन-तीन मुक्कामांना, स्वयंपाकाचं सामान गटात वाटून घेतलं, तर 45 ते 50 लिटरची सॅक पुरते. कुमशेतला, पाचनईला गावात सांगून जेवणाची सोय होते, तिथे याहून लहानही चालेल. हिमालयात तंबू, थंडीचे कपडे, आठवड्याचा शिधा सगळं स्वतःच वाहायचं असेल तर 60 ते 70. उगाच मोठी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. रिकामी जागा दिसली की तिसरा टी-शर्ट, दुसरी चादर, फरसाणाचं अख्खं पाकीट आपसूक आत जातं. म्हणून आधी नेणार ते सामान जमिनीवर मांडा, मग सॅक घ्यायला बाहेर पडा.

वजनाचा ढोबळ हिशेब असा: शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास थांबावं. साठ किलोच्या माणसाला बारा किलो. आता आपल्याकडची गंमत पाहा. डिसेंबरनंतर सह्याद्रीच्या कड्यांवर पाण्याचे वांधे. गडावरची सगळीच टाकी पिण्याजोगी नसतात, मधल्या दांडांवर तर थेंब नाही. चार लिटर पाणी म्हणजे चार किलो झाले. रिकाम्या सॅकचे दीड-दोन किलो. उरले सहा. त्यात झोपायची पिशवी, कपडे, खाणं, औषधं, विजेरी. म्हणजे ज्या सॅकचं स्वतःचंच वजन अडीच किलो आहे, अठरा कप्पे आणि बावीस चेन आहेत, ती दुकानात कितीही रुबाबदार दिसली तरी ते रुबाबाचं ओझं तुम्हीच वाहणार.

अमेरिकेत एमा गेटवूड नावाच्या एक आजी होऊन गेल्या. 1955 साली, वयाच्या 67व्या वर्षी, तीन हजार किलोमीटरहून लांब असलेली ॲपलेशियन वाट त्यांनी एकटीनं सलग चालून पुरी केली. पाठीला चौकट नाही, पट्टे नाहीत; घरी शिवलेली एक पिशवी एका खांद्यावर टाकलेली. मी इतका वेळ जे सांगतोय त्या सगळ्याला त्यांनी तिलांजली दिली होती म्हणा ना! पण त्या पिशवीत सामानच मुळी इतकं थोडं होतं, की खांद्याला तक्रार करायला कारण उरलं नाही. ज्याला तेवढं कमी सामान जमेल त्यानं कंबरपट्ट्याची चिंता खुशाल सोडावी. आपल्यातल्या बहुतेकांना पातेल्यासकट चहापत्ती लागते.

सॅक भरायचीही रीत आहे. झोपायची पिशवी आणि मुक्कामावरच लागणारे कपडे तळाला. पाणी, शिधा, भांडी यांसारखं जड सामान मध्यभागी, पाठीला अगदी चिकटून. हलकं बाहेरच्या अंगाला. जड वस्तू पाठीपासून दूर गेली की तीच वस्तू आणखी जड लागते, मागे खेचते. याच कारणानं, पाठीवर ताणलेल्या जाळीची सॅक मी सपाट वाटांसाठी चांगली मानतो, वारा खेळतो, घाम वाळतो. पण कातळटप्पे असलेल्या वाटेवर नको. त्या जाळीमुळे ओझं पाठीपासून दूर राहतं, आणि मोहरीवरून उतरणाऱ्या बोराट्याच्या नाळेत धोंड्यांवरून उतरताना तो झोका पायाला जाणवतो. बाहेर बांधलेली मॅटही तशीच. आडवी बांधली की कारवीच्या रानात दर पावलाला अडकते, अरुंद आडव्या वाटेवर कड्याला घासते आणि माणसाला दरीकडे ढकलते. उभी बांधा, नाहीतर गुंडाळी करून आत.

पावसाळ्यात वरच्या आवरणावर विसंबू नये. आपल्या घाटमाथ्यावरचा पाऊस आडवा येतो आणि पाठीच्या बाजूनं आत शिरतो, तिथे आवरण नसतंच. आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून त्यात सामान भरलं की काम झालं. आणि ओढा ओलांडताना एक पथ्य पाळायचं: पाण्यात पाय घालण्याआधी कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडायचा. पाय घसरला तर सॅक क्षणात अंगावेगळी करता आली पाहिजे. कातळावर चढता-उतरताना मात्र दोन्ही पट्टे घट्ट.

मुलींसाठी वेगळी सॅक म्हणजे नुसता वेगळा रंग, असा समज आहे, आणि काही दुकानांनी तो खराही करून दाखवलाय. नीट बनवलेल्या सॅकमध्ये पाठ आखूड असते, खांद्याचे पट्टे जवळजवळ लावलेले आणि छातीला दाबू नयेत म्हणून वळवलेले असतात, कमरेच्या गादीला वेगळा उतार असतो. एखाद्या बारक्या अंगाच्या मुलालाही तीच बरोबर बसते. त्यानं ती बेलाशक घ्यावी.

दुकानात रिकामी सॅक पाठीवर टाकून आरशात पाहणं, यातून काहीच कळत नाही. रिकाम्या सगळ्याच सॅक छान बसतात. आत वजन घालायला सांगा. नसेल त्यांच्याकडे, तर घरून तांदळाच्या पाच-पाच किलोच्या दोन पिशव्या घेऊन जा. लोक हसतील, हसू द्या. दहा किलो घालून पट्टे क्रमानं बांधा, पंधरा-वीस मिनिटं चाला, जिना असेल तर चढा-उतरा, खाली बसून उठा, मान वर करून पाहा डोकं सॅकला आपटतं का. मग दोन्ही अंगठे खांद्याच्या पट्ट्यांखाली घाला. ते सहज आत गेले तर वजन कमरेवर आहे. काखेत काचतंय, कमरेच्या हाडावर एकाच जागी टोचतंय, तर नको. घरी गेल्यावर सवय होईल हा दुकानदाराचा दिलासा ऐकू नका.

आणि पहिल्याच वर्षी विकत घ्यायची गरज नाही. मुंबई, पुणे, नाशिककडे सॅक भाड्यानं मिळतात, गिर्यारोहण संस्थांतल्या ओळखीनं उसन्याही मिळतात. एक शनिवार-रविवार भरलेली सॅक घेऊन एखादा गड चढून या, जमल्यास दुसऱ्या खेपेला वेगळ्या मापाची न्या. सोमवारी सकाळी नेमकं काय दुखतंय ते लिहून ठेवा, आणि तो कागद खिशात घालूनच दुकानाची पायरी चढा.