डबीची पाठ वाचावी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



शहापूर-मुरबाडकडील आपल्या भगिनी राब भाजण्यापासून झोडणीपर्यंत शेतात राबतात. अकाली सुरकुत्यांचे मुख्य कारण ऊनच होय. म्हणून पदर व छत्री हा पहिला उपाय आम्ही मानतो.

क्रीम घ्यावयाचेच तर डबीवरील चित्रास न भुलता तिची पाठ वाचावी. २०२० च्या नियमांप्रमाणे घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. एक टक्का वा त्याहून कमी असलेले तेवढे शेवटी, कोणत्याही क्रमाने. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवते. झिंक ऑक्साइड ऊन अडविते. रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचे एक रूप, सुरकुत्या काहीशा कमी करते. मात्र ते रात्री लावावे व गर्भवतीने वर्ज्य करावे.

घटक व परवाना क्रमांक नसलेली डबी जत्रेत स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. अकोल्यातील एकाच घरच्या तिघींना गोरेपणाच्या क्रीमने मूत्रपिंडाचा विकार जडला व त्यात पारा आढळला, हे २०२३ साली वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले आहे.

नावे इंग्रजीत असतात; ती घरच्या शाळकरी मुलीकडून वाचून घ्यावीत. त्यात संकोच कसला?