आट्यापाट्यांना हवं साजेसं मैदान


आज बोलूया आपल्या मातीतल्या एका खेळाविषयी…
आट्यापाट्या.

विदर्भात हा खेळ मनापासून खेळला जातो.
त्याला चेंडू लागत नाही, बॅट लागत नाही.
लागते ती नीट आखलेली जमीन.

आडव्या 9 पाट्या…
आणि त्यांना मधोमध छेदणारी उभी सूरपाटी.
पाटी धरणाऱ्याला हुलकावणी द्यायची, आणि पुढे निसटायचं.

म्हणजे इथे मैदान हेच साहित्य.
म्हणून मैदान खेळाला साजेसं हवं.

नागपूर परिसरातली काळी माती पावसात चिकटते.
उन्हाळ्यात ती भेगाळते.
अशा जमिनीवर झटकन वळताना पाय मुरगळतो.

मग करायचं काय?
खाली मुरमाचा थर द्यावा.
वर चाळलेली माती दाबून घ्यावी.
पाणी वाहून जाईल, असा हलका उतार ठेवावा.
कडेला झाडांची सावली हवी, प्यायचं पाणी हवं.
मुलींना कपडे बदलायला खोलीही हवी.

एवढा आग्रह कशासाठी? श्रोतेहो, 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं बर्लिनमध्ये आपले देशी खेळ दाखवले.
तो वारसा आपल्या विदर्भाचा आहे.

तुमच्या वस्तीत, शाळेत नवं क्रीडांगण होतंय?
मग आराखडा ठरतानाच आवर्जून सांगा…
आट्यापाट्यांसाठी जागा ठेवा.
खेळाला साजेसं मैदान द्या.