डोंगरावरचा वणवा, धरणातले पाणी



होळी आटोपली की पालघर-बोईसरच्या पूर्वेकडील डोंगरांवर रात्री लाल रेघा उमटू लागतात. लोकलमधून उतरणारा नोकरदार क्षणभर तिकडे पाहतो, ‘वणवा लागलेला दिसतो’ असे म्हणतो आणि घराची वाट धरतो. तारापूरच्या कारखान्यात आग लागली तर बंब धावतो. डोंगर जळतो तेव्हा मात्र कोणाचेच काही जळत नाही, अशी समजूत सुशिक्षित समाजात घट्ट बसलेली आहे.

वणव्याची चाल लहरी वाटते, पण ती तशी नसते. जळण, हवा आणि उतार या तिघांच्या मेळावर ती ठरते. वाळलेली गवताची काडी हवेतील दमटपणा तासाभरात घेते आणि तासाभरात सोडते. म्हणून सकाळी दवाने मऊ असलेले गवत दुपारी ठिणगीची वाट पाहत असते. चढ दर १० अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा अभ्यासकांचा ठोकताळा आहे. ज्वाळा चढाकडे झुकतात आणि पुढचे गवत पेटण्याआधीच भाजून निघते. पालघरच्या पट्ट्यात यात समुद्राची भर पडते. दुपारी खारा वारा पश्चिमेकडून आत शिरतो आणि त्याच वेळी डोंगराचा पश्चिम उतार उन्हाने तापलेला असतो. ऊन, वारा आणि चढ असे एकत्र आले म्हणजे ओल्या फांद्या घेऊन धावणाऱ्या चार वनरक्षकांनी काय करावे? जाळरेषा उन्हाळ्यापूर्वीच काढाव्या लागतात त्या याचसाठी.

देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने आगीच्या सूचना देते. आरंभीच्या मोडिस उपकरणाचा एक ठिपका सुमारे १ किलोमीटरचा होता. २०१७ पासून वापरात आलेल्या उपकरणाचा ३७५ मीटरचा आहे. प्रगती मोठीच. पण तो ठिपका राबाचा की वणव्याचा, हे उपग्रहाला नेहमी उमगतेच असे नाही, आणि शहरी माणसालाही नाही. त्यामुळे बोट सरसकट वनवासी पाड्यांकडे वळते.

वस्तुतः राब भाजणारा वारली शेतकरी आगीचा जाणकार असतो. शेण, पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा पातळ थर असे रचून तो वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवितो, म्हणजे आग सावकाश सरकते आणि माती नीट भाजते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी एन. व्ही. जोशी व एन. व्ही. कानिटकर यांच्यासह १९१२ साली या पद्धतीवर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. राब म्हणजे निव्वळ नासाडी, हा समज त्यांनी प्रयोगाने पारखला. मातीला लागलेली आच भातरोपांना मानवते, असे त्यातून दिसले.

वणव्याची कारणे वेगळी आहेत. मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवून तसाच सोडणे, शिकार, पर्यटकांची विडी-काडी. राखीव वनात आग लावणे हा १९२७च्या वन कायद्याच्या २६व्या कलमान्वये गुन्हा आहे. पण रात्रीच्या डोंगरावर साक्षीदार कोठून आणावा?

जाड सालीचे जुने साग आणि ऐन आगीतून तरतात. जुलैत डोंगर पुन्हा हिरवा दिसतो आणि पाहणारा निश्चिंत होतो. दरवर्षी मरतात ती रोपे, आणि त्यांच्या जागी गवत वाढते. ते पुढच्या वणव्याचे जळण होते. पाचोळ्याचे पांघरूण गेलेल्या उघड्या मातीवर जूनच्या सरी कोसळतात आणि माती राखेसह ओहोळांत उतरते. जव्हारकडच्या डोंगरांतले ओहोळ सूर्या नदीला मिळतात. नदीवर धामणीचे धरण आहे. वसई-विरारच्या घरांना आणि तारापूरच्या कारखान्यांना पाणी पुरविणारी नदी हीच.

राबाच्या वेळी वारा ओळखणारी वडीलधारी माणसे पाड्यापाड्यांवर अजून आहेत. जाळरेषा कोठून काढावी आणि ती कोणत्या प्रहरी जाळावी, हे त्यांना जानेवारीतच विचारता येईल.