रुग्णालयातील रोगसंकेत



सर्व रुग्णालयांनी रोगांच्या नोंदी एकाच नमुन्यात ठेवाव्यात, ही फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांची योजना १८६० साली लंडन येथील सांख्यिकी परिषदेत मांडली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत हृदयविकाराच्या तीव्र झटक्यास ‘आय २१’ हा संकेत आहे. झटक्याच्या रुग्णाच्या कागदावर केवळ छातीच्या दुखण्याचा ‘आर ०७’ पडला, तर कोणत्या उपचाराने किती रुग्ण वाचले, ह्या हिशेबातून तो गळतो. जोडीचा मधुमेह नोंदला नाही, तर अधिक आजारी रुग्णांस आश्रय देणारे रुग्णालय अकारण दोषी ठरते. पुढील रुग्णांचे उपचार ह्याच नोंदींच्या आधारे ठरतात. म्हणून आपल्यातील डॉक्टर व लेखनिक बंधुभगिनींनी संकेत सचोटीने लिहावेत, एवढी विनंती आहे.