पहिलं वर्ष कोण देणार?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात १९९५ च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेलं भाषण)

व्यासपीठावरचे आणि समोर बसलेले आमचे सर्व सर आणि बाई, आणि तीस वर्षांनी भेटून एकमेकांची टकलं नि चष्मे मोजणाऱ्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला विषय दिला होता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याच्या नोकऱ्या’. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना हल्ली सत्यनारायणाच्या प्रसादालासुद्धा हाच प्रश्न विचारतात. मी भाषण लिहिलंही होतं. पण गेलं वर्षभर माझ्या डोक्यात एक वेगळीच नोकरी आहे. ती कुठलाही संगणक हिसकावून घेणार नाही, तिच्यासाठी माणसं कमी पडतात असं सगळे सांगतात, आणि तरी ते शिक्षण घेतलेल्या मुलींना ती मिळत नाही. म्हणून संयोजकांना विचारून विषय बदलते आहे. बाई, निबंधात विषयांतराचे दोन गुण तुम्ही कापायचात, ते आजही कापा.

आपल्याच तुकडीतल्या एका मैत्रिणीची मुलगी २०२४ साली बी.एस्सी. नर्सिंग झाली. नाव सांगत नाही. मायलेकींनी सांगायची परवानगी दिली आहे ती नाव न घेण्याच्या अटीवर. चार वर्षांचा कोर्स, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी, मग मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी. फी, हॉस्टेल, गणवेश या सगळ्यासाठी सोयाबीनचे पैसे आणि पतसंस्थेचं कर्ज. नर्सिंग केलं की नोकरी हातात, असं आपल्याकडे सगळे म्हणतात. मीही तिच्या आईला तेच म्हटलं होतं.

निकालानंतर तिने जिल्ह्यातली हॉस्पिटलं पालथी घातली, मग पुणे, मग ठाणे. सगळीकडे पहिला प्रश्न एकच, ‘अनुभव किती?’ फ्रेशर म्हटलं की ‘कळवतो’. कळवत कोणीच नाही.

एका मोठ्या हॉस्पिटलच्या वेबसाइटवर अर्ज भरताना ती अडली, म्हणून तिने मला फोन केला. तिला वाटलं, मावशी सॉफ्टवेअरमधली आहे, काहीतरी खटपट करेल. अर्जात ‘अनुभव (वर्षे)’ असा रकाना होता, पुढे लाल फुली. शून्य टाकलं की अर्ज पुढे जाईना. शेवटच्या वर्षाच्या इंटर्नशिपचे सहा महिने धरून अर्धा टाकला, तर पूर्णांकच हवा. मी तिथल्या एचआरला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, ‘मॅडम, सिस्टीम घेत नाही.’

हे वाक्य मी रोज ऐकते. चोवीस वर्षं याच धंद्यात आहे, त्यामुळे खात्रीने सांगते की सिस्टीम स्वतः काहीही ठरवत नाही. एकापेक्षा कमी आकडा चालणार नाही हे एका बैठकीत माणसांनी ठरवलं, आणि आमच्यासारख्या एका पोराने ती अट लिहिली. त्याला संध्याकाळची बस पकडायची असणार, त्याचं काही चुकलं नाही. पण त्या बैठकीत एकानेही विचारलं नाही की सगळ्यांनीच हा आकडा लिहिला, तर ते पहिलं वर्ष मिळायचं कुठे? वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही.

मला सगळ्यात जास्त बोचलं ते वेगळंच. शिकत असताना ही मुलगी वॉर्डात उभी होती. सकाळची ड्युटी, संध्याकाळची ड्युटी, नाइट. ड्रेसिंग, इंजेक्शन, सलाइन, प्रसूती विभागातलं पोस्टिंग. स्टाफ कमी असेल त्या दिवशी सिस्टर हिच्यावर अर्धा वॉर्ड सोडून ऑपरेशन थिएटरला जायच्या. तेव्हा ती कामाची होती. पदवी हातात पडली त्या दिवशी तिचा अनुभव शून्य झाला. एम.बी.बी.एस. झालेल्या मुलाला वर्षभराची इंटर्नशिप असते, स्टायपेंड मिळतो आणि पुढे कोणी त्याला ‘तू कधी पेशंट पाहिलास का’ असं विचारत नाही. नर्सच्या वाट्याला हे का येत नाही, याचं समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

मग सरकारी नोकरी का नाही, असं तुम्ही विचाराल. तिने तेही केलं. वैद्यकीय शिक्षण संचालनालयाची अधिपरिचारिकांची मोठी भरती निघाली ती २०२३ मध्ये, तेव्हा ही तिसऱ्या वर्षाला होती. पुढची केव्हा निघेल याची वाट बघत बसायचं म्हणजे वयाची एक-दोन वर्षं जळतात. एम्सची ‘नॉरसेट’ ही परीक्षा आहे, देशभरातल्या मुली-मुलगे त्याच जागांसाठी बसतात. पदवीवाल्यांना तिथे अनुभवाची अट नाही, हे चांगलं आहे. पण जी.एन.एम. म्हणजे डिप्लोमावाल्यांना किमान पन्नास खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे आपल्या तालुक्यात वीस खाटांच्या दवाखान्यात एखादीने पाच वर्षं रात्री जागवल्या, तरी त्या परीक्षेपुरत्या त्या रात्री मोजल्याच जात नाहीत. आणि मुलग्यांचं तर विचारूच नका. त्या परीक्षेत ऐंशी टक्के जागा महिलांना, वीस पुरुषांना. खासगी जाहिरातींत तर सरळ ‘फक्त महिला’ लिहिलेलं असतं. नर्सिंग शिकलेला मुलगा दिसला की हल्ली मला आधी त्याच्या आई-वडिलांची काळजी वाटते.

परदेशाची वाट आहे. आखाताच्या जाहिराती बघितल्या तर बहुतेकींत दोन वर्षांचा अनुभव, म्हणजे फिरून पुन्हा तिथेच. जर्मनी अनुभवाबद्दल फारशी अडून बसत नाही, पण पात्रतेला मान्यता मिळायला जर्मन भाषा बी-टू पातळीपर्यंत यावी लागते. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, त्यात नर्सही आहेत. चांगलं आहे, ज्यांना झेपेल त्यांनी जावं. पण वर्षभर क्लास, त्याची फी, आणि तोवर घरी बसून खायचं कोणी?

घरी बसणं म्हणजे काय ते तिने मला सांगितलं, आणि त्यानंतर मी दोन दिवस नीट कामाला लागू शकले नाही. गल्लीतले लोक बी.पी. बघायला, इंजेक्शन द्यायला तिलाच बोलावतात. फुकट. म्हातारी माणसं तोंडभर ‘सिस्टर’ म्हणतात. हॉस्पिटलात गेलं की फ्रेशर. मावशा-आत्या विचारतात, ‘अजून लागली नाहीस का गं?’ आणि तिच्या आईला वेगळं घेऊन विचारतात, ‘स्थळं बघायची का मग?’ सहा महिन्यांनी तिने एका मेडिकल दुकानात बिलाच्या काउंटरवर काम धरलं. ती म्हणाली, ‘मावशी, मला पैशाचं एवढं वाईट वाटत नाही. माझे हात विसरायला लागलेत. लहान मुलाची शीर मला अंधारातसुद्धा सापडायची. आता इंट्राकॅथ हातात घेतलं तर माझा हात थरथरेल.’ पुढच्या मुलाखतीत तर नवीनच प्रश्न आला, ‘पास होऊन वर्ष झालं, मधल्या काळात काय केलंत?’

अखेर तिला एक ऑफर आली. ठिकाण सांगत नाही. पहिले तीन महिने सहा हजार, पुढे नऊ. बारा तासांची ड्युटी. दोन वर्षांचा बॉण्ड आणि सगळी ओरिजिनल कागदपत्रं त्यांच्या कपाटात. बॉण्ड तोडला तर पन्नास हजार भरायचे. तिच्या आईने मला विचारलं, काय करू? मी काय सांगणार?

या संदर्भात एक गोष्ट फार लोकांना ठाऊक नाही. नर्सच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१६ मध्ये न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्राने समिती नेमली. समितीने शिफारस केली की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला महिना वीस हजारांच्या खाली पगार नसावा, आणि दोनशेहून जास्त खाटा असतील तर राज्य सरकारच्या नर्सइतका असावा. केरळमध्ये नर्सनी त्याआधीच, २०११-१२ मध्ये, पगार, बॉण्ड आणि अडकवून ठेवलेली प्रमाणपत्रं यांवरून मोठे संप केले होते. २०१८ मध्ये तिथल्या सरकारने वीस हजारांचं किमान वेतन अधिसूचित केलं. आपल्याकडे ती शिफारस कागदावर आहे. सहा हजारांची ऑफरही कागदावरच होती, पण तिच्यावर शिक्का होता.

आता दुसरी बाजू. ती मी मुद्दाम समजून घेतली, कारण आपल्या तुकडीतले चार जण डॉक्टर आहेत आणि त्यांतल्या तिघांची स्वतःची हॉस्पिटलं आहेत. त्यांच्यातल्या एकाशी तासभर बोलले. तो म्हणाला, ‘तुझं बरोबर आहे गं, पण माझं ऐक. मी फ्रेशर घेतो, सहा महिने शिकवतो, हाताशी आली की ती शहरात पाच हजार जास्त मिळतात म्हणून जाते. आणि आयसीयूत एका चुकीने माणूस जातो, मग लोक काचा माझ्या फोडतात.’ हे खोटं नाही. माझ्या कामात चूक झाली तर एखादं बिल चुकतं, कोणाचा जीव जात नाही.

तरी मी त्याला माझं सांगितलं. मी २००१ ला इंजिनिअर झाले. अमेरिकेतला डॉट-कॉमचा फुगा फुटला होता. कॅम्पसमध्ये मिळालेली ऑफर होती, पण रुजू व्हायची तारीख तीनदा पुढे गेली. आठ महिने घरी बसून बाबांच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत व्हायची नाही. पण जेव्हा घेतलं, तेव्हा कंपनीने तीन महिने नुसतं शिकवलं, पूर्ण पगार देऊन. पुढचं वर्षभर माझी एकही ओळ सीनियरने तपासल्याशिवाय पुढे गेली नाही. मला काही येत नाही हे त्यांना माहीत होतं, आणि तो खर्च आपला आहे हेही माहीत होतं. मीही दोन वर्षांनी सोडून गेलेच! माझी पदवी कोणी कपाटात ठेवून घेतली नाही. कंपनी बुडालीही नाही, पुढच्या वर्षी तिने आणखी फ्रेशर घेतले.

जीव वाचवायच्या कामात तर हे जास्त हवं. नवीन नर्सला पहिले काही महिने अनुभवी सिस्टरबरोबर जोडीने ड्युटी, एकटीने आयसीयू नाही, एकटीने नाइट नाही. यात काही मोठा शोध नाही, जुन्या मेट्रन हेच करायच्या. अडचण अशी की जोडीला द्यायला दुसरी सिस्टरच नसते. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिकवणाऱ्या रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक नर्स आणि इतरत्र पाचांमागे एक असा आहे. रात्रीच्या ड्युटीला आपल्या ओळखीच्या हॉस्पिटलात जाऊन मोजून बघा. एका बाजूला नर्स पुरत नाहीत आणि दुसऱ्या बाजूला नर्स बिलाच्या काउंटरवर बसली आहे. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १५७ नवीन नर्सिंग कॉलेजं जाहीर झाली. कॉलेजं निघतील, मुली पास होतील. पुढे काय, ते मी आत्ता सांगितलं.

२२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता आपण सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर १२ मेला दिवा घेतलेल्या नाइटिंगेलबाईंची किमान वीस चित्रं येतात. माझी त्याला हरकत नाही.

पण आज मी मागणार आहे ते वेगळं आहे. ज्यांची हॉस्पिटलं आहेत, ज्यांचे दीर, मेहुणे, साडू हॉस्पिटलांच्या ट्रस्टवर आहेत, त्यांनी दरवर्षी दोन फ्रेशर घ्यावेत. जमला तर वीस हजार पगार द्यावा, नाही जमला तर किती जमतो ते आधी लेखी सांगावं. कागदपत्रांच्या झेरॉक्स ठेवा, ओरिजिनल तिच्याकडे राहू द्या. आणि ती सोडून गेली तर अनुभवाचं पत्र भांडण न करता द्या. कुठेतरी दुसरीकडे शिकून आलेली सिस्टर तुम्हालाही मिळतेच ना? तिला कोणीतरी शिकवलेलंच असतं.

आपल्या मैत्रिणीच्या मुलीने ती सहा हजारांची ऑफर नाकारली. नाकारणं परवडणारं नव्हतं, तरी. गेल्या महिन्यात आपल्या त्या डॉक्टर मित्राने तिला बोलावलं आणि सिस्टरच्या देखरेखीखाली एक दिवस वॉर्डात उभं केलं. पहिल्या मुलाची शीर सापडली नाही. दुसऱ्याची सापडली. एक तारखेपासून ती त्याच्याकडे रुजू झाली आहे. पगार वीस नाही, पंधरा आहे. त्यावर आमचं भांडण अजून चालू आहे.

तिच्याच बॅचमधल्या आणि आपल्या शाळेतून पुढे नर्सिंगला गेलेल्या, अजून नोकरी नसलेल्या मुलांची यादी मी केली आहे. अकरा मुली आहेत आणि दोन मुलगे. कोणाची नोंदणी झाली आहे, कोणाला कुठल्या विभागाची आवड आहे, कोण घरापासून लांब राहू शकतं, सगळं त्यात लिहिलं आहे. छापील प्रती माझ्याकडे आहेत. जेवणाच्या सुट्टीत मी पाण्याच्या टाकीजवळ, आपल्या जुन्या ‘अ’ तुकडीच्या वर्गाबाहेर उभी असेन. डॉक्टर मंडळींनी आधी यावं, बाकीच्यांनी आधी जेवून घ्यावं. मसालेभात गार होतोय असा निरोप मघाशीच आला आहे.