पंचाचा कौल

एका काल्पनिक गुहेत, काल्पनिक मशालीच्या उजेडात, एक योद्धा एका मांत्रिकावर तलवार उगारतो. मांत्रिक अदृश्य झालेला आहे. परंतु योद्ध्यालाही अदृश्य वस्तू पाहण्याची सिद्धी प्राप्त झालेली आहे. आता त्या अदृश्यतेचा मांत्रिकाला काही उपयोग व्हावा की न व्हावा? या प्रश्नावर सुशिक्षित आणि एरवी समंजस अशी माणसे तासन् तास वाद घालतात. माझा सारा दिवस शासकीय नियमांचा अर्थ लावण्यात जातो. त्यामुळे असा वाद कानी आला की मला तो मुळीच परका वाटत नाही.

ज्या खेळात हा प्रसंग घडतो त्याचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी रचलेला हा खेळ १९७४ साली तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या गावाहून प्रसिद्ध झाला. पहिली छपाई १,००० प्रतींची होती. आज पुण्या-मुंबईला, बंगळूरला, दिल्लीलाही मराठी घरांतली तरुण मंडळी तो खेळताना दिसतात. चार-पाच खेळाडू प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात आणि एकजण पंच होतो. त्याला ‘डंजन मास्टर’ म्हणतात. समोर काय आहे ते पंचाने सांगावयाचे, आपण काय करतो ते खेळाडूंनी सांगावयाचे, आणि गोष्ट पुढे न्यावयाची. आपल्याकडील आजीच्या गोष्टीत आणि यात फरक इतकाच की, येथे ऐकणाऱ्या नातवंडांना राजपुत्राचे पाऊल कोणत्या वाटेने पडावे ते ठरविता येते.

लढाई आली म्हणजे मात्र गोष्ट थांबते आणि नियम सुरू होतो. वीस बाजूंचा फासा टाकावयाचा, त्यात आपल्या कौशल्याचा अंक मिळवावयाचा, आणि बेरीज शत्रूच्या चिलखताच्या अंकाइतकी किंवा त्याहून अधिक भरली की वार लागला. मग इजा किती झाली ते दुसऱ्या फाशाने ठरते आणि तितके गुण शत्रूच्या प्राणांतून वजा होतात. या गुणांना हिट पॉइंट म्हणतात. आपण त्यांना प्राणगुण म्हणू. ते शून्यावर आले की पात्र कोसळते. दोन-दोन वर्षे दर रविवारी जपलेले, वाढविलेले पात्र असे एका दानात जाऊ शकते. बाहेरच्याला हसू येईल, परंतु त्या मेजाभोवती त्या क्षणी कोणी हसत नाही.

आता त्या मांत्रिकाकडे वळू. २०१४ साली निघालेल्या पाचव्या आवृत्तीत अदृश्यतेची दोन कलमे होती. पहिल्याचा आशय असा की, अदृश्य प्राणी जादूवाचून किंवा एखाद्या विशेष इंद्रियावाचून दिसत नाही. दुसऱ्याचा असा की, त्याच्यावर वार करणाऱ्याने फासा दोनदा टाकावा आणि लहान दान धरावे. त्याने स्वतः वार केला तर दोहोंपैकी मोठे दान धरावे. हा फरक थोडाथोडका नव्हे. ज्या वाराला ११ किंवा अधिक दान हवे, तो एरवी १०० पैकी ५० वेळा लागतो. लहान दान धरावयाचे झाले तर २५ वेळा, आणि मोठे धरावयाचे झाले तर ७५ वेळा. अदृश्य पाहण्याच्या मंत्राविषयी पुस्तक एवढेच सांगत होते की, तो घेणाऱ्याला अदृश्य प्राणी दृश्य असल्याप्रमाणे दिसतात.

मंत्राने पहिले कलम निष्प्रभ झाले, याविषयी कोणाचेच दुमत नाही. दुसऱ्याचे काय? अक्षरार्थ धरणारा म्हणतो, ‘दुसरे कलम दिसण्या-न दिसण्याच्या अटीवर कोठे अवलंबून ठेविले आहे? ते आपल्या पायांवर उभे आहे. मांत्रिक तुला स्वच्छ दिसत असेल, तरीही दान लहानच धर.’ कारकून म्हणून मला हा युक्तिवाद निर्दोष वाटतो; माणूस म्हणून हास्यास्पद वाटतो. विशेष नियम सामान्य नियमाला बाजूस सारतो, असे त्याच पुस्तकाच्या आरंभी सांगितले आहे. व्याकरण शिकलेल्यांना येथे उत्सर्ग आणि अपवाद आठवतील. परंतु या दोहोंत विशेष कोणता, अदृश्यता की मंत्र, हाच वाद असेल तेथे ते सूत्र काय कामाचे? अखेर २०२४ च्या सुधारलेल्या पुस्तकात एक वाक्य वाढविण्यात आले: ज्याला अदृश्य प्राणी कसाही का होईना दिसतो, त्याच्याविरुद्ध हा लाभ मिळणार नाही. दुरुस्ती यावयास दहा वर्षे लागली. तोवर प्रत्येक मेजाने आपापला कायदा चालविला.

यापेक्षा अवघड गाठ प्राणगुणांची आहे. मुरलेल्या योद्ध्याला शंभर प्राणगुण असतील, तर त्याला तलवारीचे दहा-पंधरा वार सहज पचतात. हे कसे? गायगॅक्स यांनी १९७९ सालच्या पंचांसाठीच्या पुस्तकात याचा खुलासा केला आहे. प्राणगुण म्हणजे केवळ रक्तमांस नव्हे; वार चुकविण्याचे कसब, दैव, दैवी कृपा या साऱ्यांचा तो हिशेब आहे. खुलासा उत्तम आहे. पण हाच योद्धा २०० फूट उंच कड्यावरून आपण होऊन उडी टाकतो तेव्हा काय करावे? २०१४ च्या नियमानुसार दर १० फुटांस सहा बाजूंचा एक फासा, आणि अधिकात अधिक २० फासे. म्हणजे सरासरीने ७० गुणांची इजा. आमचा वीर धूळ झटकून चालू लागतो. तलवार चुकविता येते, जमीन कशी चुकविणार? अशा वेळी नियम पाळणारा पंच गोष्ट मोडतो आणि गोष्ट सांभाळणारा पंच नियम मोडतो. मी स्वतः त्या वीराला एकदा चालू देईन. गंमत म्हणून दुसऱ्यांदा उडी टाकू लागला तर मात्र फाशांना हात लावू देणार नाही.

हे भांडण खेळापेक्षा बरेच जुने आहे. प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटाने १८२४ साली अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी एक युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्यात नकाशा, ठोकळे, फासे, हानीचे तक्ते आणि एक पंच अशी सामग्री होती. तक्ते किचकट होते, खेळ रेंगाळे. तेव्हा १८७६ साली व्हेर्डी द्यू व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने सुचविले की तक्ते बाजूस ठेवा आणि अनुभवी पंचाच्या निर्णयावर चाला. अमेरिकेत चार्ल्स टॉटन या लष्करी अधिकाऱ्याने १८८० साली ‘स्ट्रॅटेगॉस’ हा युद्धखेळाचा ग्रंथ काढला. तो पुढे डेव्हिड वेस्ली या मिनेसोटातील तरुणाच्या हाती लागला. १९६९ साली वेस्लीने ‘ब्राउनस्टाइन’ नावाचा खेळ मांडला; आणि त्याच्या मंडळीत आर्नेसन होता.

प्रशियाचा पंच दोन सेनांच्या मधे उभा असे. येथे तसे नाही. राक्षस, दरोडेखोर, मांत्रिक, सारे शत्रू पंचच चालवितो, आणि निकालही तोच देतो. आपल्याच वादात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे न्यायाचे तत्त्व दर रविवारी मोडले जाते, आणि तरीही खेळ चालतो! कारण शत्रू जिंकले म्हणून पंच जिंकत नाही, असे सांगतात. मला हे अर्धेच पटते. आठवडाभर खपून उभा केलेला मांत्रिक पहिल्याच वाराने मेला तर कोणाला रुचेल? पुष्कळ पंच आपला फासा पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकतात. दान बदलण्याचा मोह तेथेच होतो. फासा उघड टाकावा आणि नियमाचा अर्थ फासा टाकण्यापूर्वी सांगावा, या मताचा मी आहे. दान पाहून लावलेला अर्थ कितीही शहाणपणाचा असला, तरी ज्याचे पात्र मेले त्याला तो पटणार नाही.

माझा मुलगा आपल्या मंडळीत पंच असतो. ज्या गोष्टीविषयी पुस्तक गप्प, तेथे तो तेथल्या तेथे निर्णय देतो, आणि खेळ संपल्यावर तो एका वहीत टिपून ठेवतो. एकदा एका खेळाडूने शत्रूच्या डोळ्यांत मूठभर वाळू फेकली. पुस्तकात वाळूचा उल्लेख नाही. मुलाने निर्णय दिला: फेक लागली तर शत्रू एक फेरीभर आंधळा. मंडळी खूष झाली, आणि त्या दिवशी दर फेरीला वाळू उडाली. वहीत नोंद झाली. पुढच्या रविवारी नदीकाठी गॉब्लिन नावाचे बुटके राक्षस आडवे आले. ते बारा होते, आणि प्रत्येकाच्या मुठीत वाळू होती. खेळाडूंनी आरडाओरडा केला. मुलाने वही पुढे सरकविली. ती लढाई त्याच निर्णयानुसार पुरी झाली. चहाच्या वेळी सर्वांनी मिळून ती नोंद खोडली. ज्याने पहिली मूठ फेकली होती, त्यानेच पेन मागून घेतले.