मजुराला शिकवलं, मुकादमाचं काय?



या परिषदेचं अध्यक्षपद दिलंत. विषय दिलात बांधकाम मजुरांच्या सुरक्षा प्रशिक्षणाचा. त्यावर मी जरा उलट्या बाजूनं बोलणार आहे, ठेकेदारांनी रागावू नये.

22 फेब्रुवारी 2025. आपलाच जालना जिल्हा, जाफराबाद तालुका, पासोडी-चांडोळ. पुलाच्या कामावरचे मजूर पत्र्याच्या शेडमध्ये झोपलेले. पहाटे वाळूचा टिप्पर आला आणि वाळू शेडवरच रिकामी झाली. पाच जण गेले. आता सांगा, या पाच जणांना आपण काय शिकवणार होतो? हेल्मेट घालून झोपा? शिकवायचं होतं टिप्परवाल्याला, माल उतरवून घेणाऱ्याला आणि शेड कुठं ठोकायची हे ठरवणाऱ्याला. त्याआधी ऑगस्ट 2021 मध्ये शेजारच्या सिंदखेडराजा तालुक्यात, दुसरबीडजवळ, समृद्धी महामार्गाच्या कामावरचे मजूर लोखंडी सळ्या भरलेल्या गाडीत बसवून नेले जात होते. गाडी उलटली, तेरा मजूर गेले. सळयांवर माणसं बसवायची नाहीत, हे मजुरानं शिकायचं की गाडी पाठवणाऱ्यानं? 2023 साली शहापूरजवळ सरळांब्याला गर्डर बसवायचं अवाढव्य यंत्र मध्यरात्री कोसळलं, वीस जण दगावले. त्या यंत्राची तपासणी काही खाली उभ्या असलेल्या बिगाऱ्याच्या हातात नव्हती.

माझं म्हणणं एवढंच, की आपण चुकीच्या माणसाला वर्गात बसवतो. मजुराकडून हजेरीवर अंगठा घ्यायचा, फोटो काढायचा, की कागदोपत्री आपण मोकळे. पुढं काही झालं तर 'त्याला सांगितलं होतं' म्हणायला बरं!

मजुराला मिळणाऱ्या सुरक्षा संचाच्या पेटीचंही तेच. 1996 चा बांधकाम कामगारांचा कायदा झाला, राज्यात 2007 साली नियम आले, 2011 मध्ये कल्याणकारी मंडळ झालं. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर गोळा होतो. नव्वद दिवस काम केल्याचा दाखला दिला की नोंदणी होते. मंडळाच्या भांड्यांच्या संचासाठी रांगा लागतात, आणि त्या रांगेत कधी घमेलं न उचललेलेही दिसतात, हे इथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सुरक्षा संचातलं हेल्मेट घरी खुंटीला लागतं. मी मजुराला दोष देत नाही. साइटवर ते घातलं काय, न घातलं काय, विचारणारं कुणी नसतं.

आता आपल्या मातीकडं या. पाइपलाइनचा चर खणताना जेसीबीवाला उपसलेली माती काठालाच लावतो. बुजवायला सोपी पडते, डिझेल वाचतं. आपली काळी माती उन्हात भेगाळते, पाणी लागलं की फुगते आणि ओल्या काठावर तेवढं ओझं पडलं की अख्खी भिंत सुटते. आत वाकून पाइपाचा जोड बसवणारा गळ्यापर्यंत गाडला जातो. डोकं वर असलं तरी छाती हलत नाही, म्हणून श्वास घेता येत नाही. भारतीय मानक सांगतं: चर दीड मीटरपेक्षा खोल गेला तर बाजूंना आधार द्या, माती काठापासून निदान दीड मीटर लांब टाका. फळ्या आणि बल्ल्या आणायच्या कुणी? उतरणाऱ्यानं नव्हे. पण एक गोष्ट उतरणाऱ्याला जरूर शिकवा: आधार नसेल तर उतरायचं नाही. आणि नाही म्हणाला म्हणून त्याची हजेरी कापली, तर ते शिकवणं वाया गेलं.

शिकवायचं कुठं? हॉलमध्ये पडद्यावर नको. कामावर, सकाळी पंधरा मिनिटं, त्या दिवशीच्या कामापुरतं. स्लॅब असेल तर टेकू ठोकून बघा, शिडी वर मीटरभर निघालेली आहे का आणि बांधली आहे का ते पाहा. परराज्यातून आलेली माणसं असतील तर त्यांच्या बोलीत सांगा. बायका घमेली वाहतात, त्यांना शेवटी उभं करू नका. आणि त्या पंधरा मिनिटांची मजुरी धरा. फुकटचं कुणी ऐकत नाही.

म्हणून या परिषदेपुढं एकच ठराव ठेवतो. मुकादम, टिप्परचालक, जेसीबीचालक आणि साइट इंजिनिअर यांचं प्रशिक्षण आधी, मजुरांचं नंतर. आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवायचा. ठेकेदार मित्रांनो, हात वर करायची सुरुवात तुमच्यापासून व्हावी.